खांद्याचं आरोग्य आणि दुखापतींना आळा – प्रशिक्षकांची कार्यशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेट, कबड्डी, मल्लखांब आणि पोहणं शिकवणारे प्रशिक्षक, शाळांमधले पीटीचे शिक्षक आणि जिममधले ट्रेनर यांच्यासाठी पुण्यात होणारी ही एक दिवसाची कार्यशाळा पूर्णपणे मराठीतून आहे. नाव नोंदवण्याआधी लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

फक्त प्रशिक्षकांसाठीच का? खेळाडूंना येता येणार नाही?

अठरा वर्षांपुढचे खेळाडू येऊ शकतात. पण पहिला हक्क प्रशिक्षकांचा, आणि त्याला कारण आहे. खेळाडू डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे जातो तो दुखायला लागल्यावर. आज किती षटकं टाकायची, किती वेळ फिल्डिंग करायची, हे मात्र त्याआधी कित्येक महिने मैदानावर उभा असलेला माणूस ठरवत असतो. खांद्याची दुखापत टाळायची खरी संधी त्या माणसाच्या हातात असते.

माझाच खांदा दुखतोय. तिथे तपासून मिळेल का?

नाही. शिकवणाऱ्यांत फिजिओथेरपिस्ट आहेत, पण शंभर लोकांच्या हॉलमध्ये घाईघाईत केलेल्या तपासणीला काही अर्थ नसतो. फार तर कोणाकडे जायचं ते सांगू.

दिवसभरात काय काय होणार?

सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. भाषणं कमी. सकाळी खांद्याची रचना आणि एकमेकांच्या हालचाली तपासायचा सराव. जेवणाआधी व्यायाम, प्रत्येकाने स्वतः करून पाहायचे. दुपारी सरावाचा भार मोजणं आणि आपापल्या संघाचं सहा आठवड्यांचं वेळापत्रक लिहून काढणं. हे दुपारचं सत्र कंटाळवाणं वाटेल म्हणून त्या वेळी निघून जायचा विचार असेल, तर सकाळी नाही आलात तरी चालेल, दुपारी या.

खांद्याची एवढी काळजी का घ्यायची? गुडघे जास्त जातात ना?

गुडघ्याच्या दुखापती दिसतात, खेळाडू लंगडतो. दुखरा खांदा घेऊन मुलगा दोन-दोन वर्षं खेळत राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

रचनेचं म्हणाल तर खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे आणि त्या मोकळेपणाची किंमत स्थिरतेत मोजावी लागते. दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो ती अगदी उथळ आहे. कोणत्याही क्षणी त्या गोलाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्साच खोबणीला टेकलेला असतो. लिंबू-चमच्याच्या शर्यतीतलं लिंबू आठवा. चमचा खोल नसतो, लिंबू पडत नाही ते हात क्षणाक्षणाला सावरत असतो म्हणून. इथे हे सावरण्याचं काम रोटेटर कफचे चार स्नायू करतात : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. आरशासमोर फुगलेले दिसतात ते स्नायू हे नव्हेत. हे आत, हाडाला चिकटून असतात आणि थकले की आवाज न करता काम सोडतात.

शिवाय तो चमचासुद्धा हलता आहे. ही खोबणी पाठीवरच्या चपट्या त्रिकोणी हाडाचा, म्हणजे फऱ्याचा, भाग आहे. हात पूर्ण वर, १८० अंशांपर्यंत नेताना साधारण १२० अंश दंड फिरतो आणि उरलेले ६० अंश फरा. बसून बसून पाठ वाकलेली, छाती आखडलेली असेल तर फरा आपला वाटा उचलत नाही आणि सगळा ताण सांध्यावर येतो. म्हणून खांद्याच्या कार्यशाळेत आम्ही पाठीवर इतका वेळ घालवतो. मागच्या फळीतून ‘खांद्याचं कधी सुरू करणार’ अशी विचारणा होतेच.

मग दुखापत होते कशामुळे? चुकीच्या तंत्रामुळे?

तंत्राचा वाटा आहे, पण आपल्याकडे सगळा दोष तंत्रावर टाकायची सवय आहे, कारण भार मोजायची सवय नाही. आमच्या अनुभवात मोठा गुन्हेगार आहे अचानक वाढलेला सराव.

एप्रिल-मे महिन्यांतली उन्हाळी शिबिरं पाहा. परीक्षा संपेपर्यंत मुलाने आठवड्यातून दोनदा, तेही जमेल तसं मैदान गाठलेलं असतं. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. अर्ध्या तासाच्या फिल्डिंग ड्रिलमध्ये मिनिटाला तीन फेका धरल्या तरी ९० होतात. दोन्ही सत्रांत मिळून १८०, आणि गोलंदाजी त्याच्याही वर. स्नायूला आणि स्नायूबंधाला, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला, इतका भार पेलायची ताकद येऊ शकते, पण तिला आठवडे लागतात. शिबिर संपायच्या सुमारास खांदे दुखायला लागतात आणि आपण म्हणतो, मुलाचा खांदाच कच्चा आहे.

हीच गोष्ट आजारपणातून उठलेल्या, पावसाळ्यातल्या सुट्टीनंतर परतलेल्या किंवा निवड चाचणी तोंडावर आली म्हणून जादा सराव करणाऱ्या खेळाडूची. खांदा जात्याच नाजूक नसतो. ज्याची त्याला सवय नाही ते एकदम मागितलं, की तो कुरकुरतो.

फेका मोजायच्या कशा? मैदानावर चाळीस मुलं असतात.

प्रत्येक फेक मोजायची गरज नाही. ड्रिलची मिनिटं आणि मिनिटाला साधारण फेका, एवढं वहीत लिहिलं की आकडा मिळतो. चाळीस मुलांचे चार गट करा आणि गटाला एक वही ठेवा. वही लिहायचं काम दुखापतीमुळे बसलेल्या मुलाला द्या, ते आवडीने करतं.

आठवड्याची बेरीज करून मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. या आठवड्याचा आकडा दीडपटीच्या वर चालला असेल तर हात आखडता घ्या. ही दीडपट म्हणजे शास्त्राने आखलेली लक्ष्मणरेषा नव्हे, तिच्यावर संशोधकांत बरेच वाद आहेत. पण काहीच न मोजणाऱ्या प्रशिक्षकाला थांबून विचार करायला लावण्यापुरती ती पुरेशी आहे.

अमेरिकेत बेसबॉलसाठी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात वयानुसार दिवसाच्या फेकींची कमाल मर्यादा दिली आहे : ९-१० वर्षांच्या मुलांना ७५, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. शिवाय वर्षातून किमान चार महिने फेक पूर्ण बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. हे आकडे पिचरसाठी, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्यासाठी आहेत, क्रिकेटला जसेच्या तसे चिकटवू नका. पण विचार उचलण्यासारखा आहे. आपल्याकडे गोलंदाजाची षटकं तरी कोणीतरी मोजतं, सीमारेषेवरून दिवसभर चेंडू फेकणाऱ्या मुलाची फेक कोणाच्याच हिशेबात नसते.

दहा मिनिटांच्या व्यायामाने खरंच दुखापती कमी होतात का?

होतात, आणि ते तपासून पाहिलेलं आहे. नॉर्वेमध्ये ४५ हँडबॉल संघांतल्या ६६० खेळाडूंवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या संघांनी वॉर्मअपमध्ये आठवड्यातून तीनदा, सुमारे दहा मिनिटं खांद्याचे ठरावीक व्यायाम केले. त्या खेळाडूंमध्ये खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी निघाला.

हा आकडा नीट वाचा. तक्रारी संपल्या नाहीत, कमी झाल्या. आणि हँडबॉलमध्ये वारंवार फेकून खांदा दुखतो, कबड्डीत पकडीत सापडून निखळतो. ओढाताणीत झालेल्या अपघातावर रबरी बँडचा व्यायाम हे उत्तर नाही. क्रिकेट, व्हॉलीबॉल, भालाफेक, पोहणं, बॅडमिंटन यांना मात्र हा अभ्यास बराच लागू पडतो.

कोणते व्यायाम शिकवणार?

पाच-सहाच. जास्त शिकवले की घरी जाऊन कोणी एकही करत नाही.

मुख्य आहे दंड बाहेरच्या बाजूला फिरवायचा. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये टॉवेलची लहान गुंडाळी, हातात बँड. हात बाहेर न्यायचा आणि तीन-चार आकडे मोजत सावकाश परत आणायचा. सगळी मेख त्या सावकाश परतण्यात आहे. चेंडू सुटल्यावर वेगाने पुढे जाणाऱ्या हाताला ब्रेक लावतात ते मागचे स्नायू, आणि त्यांना सराव हवा तो लांब होत होत जोर धरण्याचा. बहुतेक मुलं हात परत फटकन सोडून देतात, म्हणजे अर्धा व्यायाम वाया.

दुसरा, जोर मारताना वरच्या टोकाला पोहोचल्यावर कोपर सरळ ठेवून जमिनीला आणखी एकदा ढकलायचं, फरे एकमेकांपासून दूर जातात. तिसरा, घोडा होऊन एक हात डोक्यामागे ठेवून कोपर छताकडे फिरवायचं, यात पाठीचा वरचा भाग मोकळा होतो. बाकीचे हॉलमध्येच पाहा. लिहून सांगितलेला व्यायाम लोक हमखास उलटा करतात.

जोर मारल्याने खांदे खराब होतात, असं एका ट्रेनरने सांगितलं. खरं आहे का?

नाही. जोर हा उत्तम व्यायाम आहे. एकाच फेरीत खांदा डोक्यावरच्या स्थितीपासून पुढे-खाली असा मोठा पल्ला गाठतो, तोही पाठ आणि कंबरेसह. तालमीत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी शेकड्यांनी जोर काढले ते लहानपणापासून हळूहळू वाढवत. तिशीतला माणूस व्हिडिओ बघून पहिल्याच आठवड्यात शंभरी गाठायला निघाला, तर खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येणारच. खाली जाताना कोपरं बाजूला फाकवू नका. दुखत असेल तर हात बाकावर टेकवून करा.

एक खोट मात्र खरी आहे. जोर, बेंच प्रेस हे सगळे ढकलण्याचे व्यायाम. ओढण्याचे व्यायाम त्या मानाने फार कमी केले जातात. दोर चढणं, पुलअप, रोइंग यांचं माप ढकलण्याच्या बरोबरीला आणा. मुद्गल फिरवणं सुंदर, फक्त सुरुवात हलक्या मुद्गलाने. वजनदार मुद्गल उचलून दाखवायची हौस खांद्याला महागात पडते.

मल्लखांबासाठी वेगळं काही आहे का?

हो, दुपारी स्वतंत्र गट. बगली, दसरंग यांसारख्या प्रकारांत अख्ख्या शरीराचं वजन खांद्यावर येतं, आणि मुलं फार लहान वयात सुरुवात करतात. मल्लखांबाची मुलं लवचीक असतात, त्यामुळे त्यांना आणखी ताणायची गरज नसते, ताकदीची असते. अंगठा मनगटाला टेकणारी, कोपर उलटं वाकणारी मुलं वेगळी ओळखून ठेवा, त्यांचा सांधा मुळातच सैल असतो. नवा प्रकार शिकवताना किती वेळा करून घ्यायचा याचीही वही हवी. स्पर्धा जवळ आली की एकाच प्रकाराची घोकंपट्टी होते आणि ती नेहमी एकाच बाजूने.

पोहणाऱ्यांचा खांदा का दुखतो? पाण्यात तर वजन नसतं.

वजन नसतं, पण संख्या असते. २५ मीटरच्या तलावात एका लांबीला एका हाताचे दहा फेरे धरा. चार किलोमीटरच्या सरावात एका खांद्याचे १,६०० फेरे होतात, रोज. तळहाताला पॅडल (पाणी जास्त ढकलणाऱ्या पट्ट्या) लावून लांब सेट देणं दुखऱ्या खांद्याला सोसत नाही. श्वास एकाच बाजूने घेणाऱ्या मुलांकडे लक्ष द्या.

स्ट्रेचिंग किती करावं?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. फेकणाऱ्या हाताचा खांदा बाहेरच्या बाजूला जास्त आणि आतल्या बाजूला कमी फिरतो. थोडा फरक ही शरीराने केलेली जुळवणी आहे. दोन्ही दिशांची बेरीज दुसऱ्या हाताइतकी असेल तर घाबरू नका. ती कमी भरली तर ताणायचं. हे मोजायला मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप चालतं, सकाळी शिकवू. जोडीदाराने मागून दोन्ही हात धरून खेचायचा तो मैदानी प्रकार मात्र आजपासून बंद करा.

फेकताना दंडाच्या वरच्या भागात दुखतं, असं तेरा वर्षांचा मुलगा सांगतो. मुकामार असेल का?

मार लागल्याचं आठवत नसेल तर मुकामार म्हणून सोडून देऊ नका. साधारण ११ ते १६ वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाची वाढ चालू असते. त्या हाडाची सुमारे ८० टक्के लांबी तिथेच वाढते. तो वाढीचा पट्टा स्नायूबंधापेक्षा कमजोर असतो आणि सतत फेकण्याने दुखावतो. दोन्ही खांद्यांचा एक्स-रे काढून तुलना केली की अनेकदा कळतं. उपाय म्हणजे फेकणं बंद, साधारण तीन महिने. पालकांना आणि मुलाला हे पटवणं तुमचं काम आहे, डॉक्टरचं पाच मिनिटांचं बोलणं पुरत नाही. तेवढ्या काळात धावणं, पायांची ताकद, फलंदाजीतलं पदलालित्य, बरंच काही करता येतं.

मैदानावर खांदा निखळला तर काय करायचं?

ओढायचं नाही. कबड्डीच्या मैदानावर ‘मला बसवता येतो’ म्हणणारा एक जण नेहमी सापडतो. त्याला प्रेमाने बाजूला करा. निखळण्याबरोबर हाड मोडलेलं असू शकतं, आणि ते एक्स-रेशिवाय कळत नाही.

खेळाडूने हात ज्या स्थितीत धरला असेल त्याच स्थितीत टॉवेल, ओढणी, शर्ट काहीही वापरून आधार द्या. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का, बोटं हलतात का, त्यांचा रंग कसा आहे, हे पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. थेट हॉस्पिटल.

पुढचा टप्पा जास्त महत्त्वाचा. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूचा एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका बराच असतो. झोळी सुटली, दुखणं थांबलं, म्हणजे खेळायला तयार झाला, हा समज सर्वांत घातक. श्रेयस अय्यरचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात चेंडू अडवायला सूर मारताना त्याचा डावा खांदा सरकला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये परतला सप्टेंबरमध्ये, आयपीएलच्या दुसऱ्या टप्प्यात. सगळ्या सोयी हाताशी असलेल्या खेळाडूला इतके महिने लागतात. तालुका स्पर्धेसाठी तीन आठवड्यांत मुलाला उतरवायची घाई कशाला?

थोडं दुखत असेल तर खेळू द्यावं का?

दहापैकी तीनपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत, एवढं असेल तर भार कमी करून चालू ठेवता येतं. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हात वर नेताना ताकद गेल्यासारखी वाटत असेल, किंवा फेकीचा वेग घटला असेल, तर थांबवा. गोळी घेऊन सामना खेळवू नका.

एमआरआयमध्ये ‘टिअर’ आलंय. ऑपरेशन करावंच लागेल का?

ते तुमचे डॉक्टर तपासून ठरवतील. पण रिपोर्ट वाचून हाय खाऊ नका. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ लोकांचे एमआरआय काढले. ३४ टक्के लोकांच्या रोटेटर कफमध्ये फाट दिसली. साठीपुढच्यांत तर ५४ टक्के. म्हणजे चित्रात दिसलेली फाट हेच दुखण्याचं कारण, असं आपोआप ठरत नाही.

खांद्याच्या वरचं हाड तासून जागा करण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास व्हायची. ब्रिटनमधल्या ३२ हॉस्पिटलांत ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, २०१८ मध्ये, ती शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बीण घालून काहीही न तासणं यांच्या परिणामात फरक आढळला नाही. ही गोष्ट फक्त त्या शस्त्रक्रियेपुरती. पडून अचानक पूर्ण फाटलेला स्नायूबंध किंवा पुन्हा पुन्हा निखळणारा खांदा, यांचा विचार वेगळा, आणि तिथे उशीर परवडत नाही.

मी पन्नाशीचा प्रशिक्षक आहे. हात मागे जात नाही, खिशातलं पाकीट काढता येत नाही. हे खेळामुळे का?

कदाचित नाही. चाळीस ते साठ या वयात खांदा आखडतो, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, आणि मधुमेह असलेल्यांत हे बरंच जास्त. दुसऱ्याने हात धरून बाहेर फिरवायचा प्रयत्न केला तरी तो फिरत नाही, ही त्याची खूण. साखर तपासून घ्या, डॉक्टरांना भेटा. जोर लावून हात मोकळा करू पाहू नका. बरं व्हायला एक ते तीन वर्षंही लागतात, पण बहुतेकांचं बरंच सुधारतं.

आणि डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर तो खांदा नव्हे, हृदय असू शकतं. बाम चोळत बसू नका.

कपडे, सामान?

फरा दिसेल असा बिनबाह्यांचा किंवा सैल टी-शर्ट, एक टॉवेल, वही-पेन. बँड आम्ही देतो, घरी नेता येईल. महिला प्रशिक्षकांसाठी तपासणीच्या सरावाची वेगळी खोली आणि महिला फिजिओथेरपिस्ट आहेत. जेवण शुल्कात धरलेलं आहे, शाकाहारी.

प्रमाणपत्र मिळतं का? त्यावर खांद्याचे उपचार करता येतील?

हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं. उपचाराचा परवाना ते देत नाही, आणि कोणी तसं वापरताना दिसलं तर आम्ही रद्द करतो.

येता आलं नाही तर व्हिडिओ मिळेल?

व्यायामांचे छोटे व्हिडिओ नोंदणी केलेल्या सगळ्यांना मिळतात. दुपारच्या सत्राचं चित्रण होत नाही, कारण तिथे प्रशिक्षक आपापल्या संघांतल्या मुलांबद्दल नावानिशी बोलतात. नोंदणी रद्द करायची असेल तर आठ दिवस आधी कळवा, पूर्ण पैसे परत. त्यानंतर तुमच्याऐवजी दुसऱ्या प्रशिक्षकाला पाठवा, फक्त नाव आदल्या दिवशीपर्यंत द्या म्हणजे जेवणाचा अंदाज चुकणार नाही.